कमरेवर हात

बायकोने माझा आणि कुकरचा फोटो शेजारीशेजारी लावून घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "जुळे भाऊ. दोघेही नुसते फुसफुसतात, शिटी काही होत नाही." नवा मोबाइल आल्यापासून तिला जिथेतिथे जोड्याच दिसतात. काल मी आणि सोसायटीचा बोका होतो. मेव्हण्यांची हसून हसून मुरकुंडी वळते.

आज मीही एक जोडी टाकली. डावीकडे दारात उभी आई: पदर खोचलेला, कमरेवर हात, कपाळाला आठ्या. हा फोटो मी कॉलेजात असताना मित्राच्या कॅमेऱ्याने काढला होता. उजवीकडे आज सकाळचा फोटो. त्याच दारात बायको, ओढणी खोचलेली, बाकी सगळं तेच.

ग्रुप एकदम चिडीचूप झाला. आई असेपर्यंत दोघींचं एक दिवसही पटलं नाही. बायको चष्मा लावून दोन्ही चेहरे मोठे करून बघत राहिली.

"दोन्ही फोटो तुम्हीच काढलेत ना?"

"हो."

"मग बरोबर आहे. समोर तुम्ही असल्यावर आमचं दुसरं काय होणार?"

लग्नानंतर पहिल्यांदाच त्या दोघी एका बाजूला होत्या, आणि समोर मी एकटा.