भुंगेऱ्याचं नाव

पनवेलच्या आमच्या परसात अळूचा वाफा उकरताना बिनडोळ्यांचा भुंगेरा सापडला. मला, दादाला नाही! कॉलेजात कीटकशास्त्र शिकवणारे सत्यजीतकाका भिंगातून बघून ओरडलेच, "अगं, ही नवीनच जात आहे! शोधलीस तू, नाव तूच सुचव. एकदा छापलं की जगात कुणालाही बदलता येणार नाही हं."

मी माझंच सांगणार होते. तेवढ्यात इराताईला न्यायला आलेल्या तिच्या सासूबाईंनी हाक मारली, "शुभदा, आवर गं."

ताई वळलीच नाही. लग्नाला दोनच आठवडे झाले होते.

"तांदळात लिहिलेलं नाव विसरलीस? आता जन्मभर हेच."

ताई बॅग भरायला उठली.



तिला ऐकू जाईल अशा आवाजात मी काकांना म्हटलं, "लिहा, इरा!"