सवतीचा टाक

ऑनलाइन वंशावळीत पणजोबांची पहिली बायको साप चावून गेल्याची नोंद होती. रिवाजाप्रमाणे तिच्या नावाचा चांदीचा टाक दुसरीने जन्मभर गळ्यात घातला होता. शर्वाणीने तो देव्हाऱ्यातून काढून, जुन्या वस्तूंतले आवाज ऐकवणाऱ्या ध्वनिवाचकात ठेवला. धातूत मुरलेला पणजोबांचा आवाज घरभर घुमला, "तोंड आवर. तिला ढकललं तसं तुलाही विहिरीत ढकलीन. मग तिसरीच्या गळ्यात लटक."

शर्वाणीने ध्वनिवाचक बंद केला. समोर बापूकाका निवांत बासुंदी ओरपत होते.

"जुनी माणसं तापटच असायची," ते म्हणाले. "घराण्याची शोभा करू नकोस. वंशावळीत साप आहे तो राहू दे."

"राहू दे की," शर्वाणी म्हणाली. "नुसतं त्याचं नाव घालायचं राहिलंय."

आणि तिने 'साप' या शब्दापुढे पणजोबांचं पूर्ण नाव लिहिलं.