दहाचा पाना

किल्ली फिरवली, पण गाडीनं नुसतं टिकटिक केलं. आठवडाभर रोज सकाळी हेच चाललं होतं. नवरा स्वेटरच्या खिशात हात घालून दारात उभा होता. “थंडीनं बॅटरी बसली. सोड दर्यापूरची नोकरी. काहून आटापिटा करून राहिली?” काल गॅरेजवाल्यानं बॅटरीच्या वायरचं टर्मिनल कसून देताना सांगितलं होतं, “बॅटरी चांगली हाय, मॅडम. हे आपोआप ढिलं होत नाही.” मी बॉनेट उघडलं. गार पत्रा बोटांना चावला. टर्मिनल पुन्हा ढिलं होतं. “दहाचा पाना द्या.” “मले काय माईत? हरवला असन.” मी त्याच्या खिशात हात घातला. पाना निघाला, अंगाच्या उबेनं कोमट. टर्मिनल कसलं, तशी गाडी एका झटक्यात सुरू झाली. “पाना ठेव तिथं,” तो गुरकावला. मी तो पर्समध्ये टाकला. “तुमच्या थंडीले सांगा, पाना आता माह्यापाशी हाय.”