बाणातला ण

“मंदा, पानी दे.”

श्रीधर सरांनी जेवणाच्या टेबलावरून हाक मारली आणि मंदाकिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडसुद्धा वाकडं केलं होतं.

तिच्या माहेरी, इंदापूरकडे, पाण्याला पानीच म्हणतात आणि त्यामुळे तिकडे कुणाची तहान अडलेली नाही. पण नारायण पेठेत, मराठीच्या मास्तरांच्या घरात, तो गुन्हा होता. “बाणातला ण, मंदा, नळातला न नव्हे!” पाहुणे आले की चहाबरोबर बिस्किटं यावीत तशी सर तिची नक्कल करून दाखवत. अशीच, ओठ एका बाजूला ओढून, जीभ जड करून. मुलगा सुदर्शन तर ते बघून हसत हसत लहानाचा मोठा झाला.

आज मात्र पाहुणे नव्हते. कुणी हसायला नसतानाही चिडवायचं म्हणजे फारच झालं.

“पानी... पानी,” सर पुन्हा म्हणाले.

“हात मोडलेत का? घ्या की उठून!”

ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून पडली. रागावलेल्या माणसाचाही डोळा लागतोच. चहाच्या वेळी बाहेर आली तर सर टेबलाखाली पडले होते. डोळे उघडे होते, उजवा हात हलत नव्हता.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. “मेंदूला रक्त नेणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकली. तेवढ्या भागाला रक्तच मिळालं नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ती वेळ टळून गेली. बोलणं परत येईल की नाही, आज सांगता येणार नाही.”

त्या गेल्या तसा सुदर्शन आईकडे वळला.

“आई, बाबांचं तोंड वाकडं झालं, शब्द बोबडे यायला लागले आणि तू खुशाल झोपलीस? एवढंही कळलं नाही तुला?”

मंदाकिनीला रडू येईना. नवऱ्याचा राग अजून पुरता गेलेला नव्हता, आणि त्याचीच तिला लाज वाटत होती.

“तू घरी असतास ना,” ती म्हणाली, “तर हसला असतास.”