खिशातली वायर

"ही माझ्या स्कूटरची चावी," हवालदार शेळक्यांनी ती सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. "आता मोजा."

बजाजनगरच्या सोसायटीतली तीसेक माणसं मोठ्यानं आकडे मोजू लागली. नऊ म्हणेपर्यंत पाठककाकांच्या पांढऱ्या मारुती आठशेचं दार उघडलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

काकांना अभिमान वाटावा की धडकी भरावी, हेच कळेना. गाडी सत्त्याण्णव सालची. त्यांच्या पत्नी, मनस्विनीबाई, याच गाडीवर चालवायला शिकल्या. सीताफळांच्या दिवसांत दौलताबादला जायचं तर स्टेअरिंगवर त्याच बसायच्या. त्या गेल्या, गाडी राहिली. मुलगा शंतनू नवी घेऊन द्यायला एका पायावर तयार होता, पण काका ऐकतील तर शपथ!

महिन्याभरात सोसायटीतल्या दोन जुन्या गाड्या चोरीला गेल्या आणि काकांची झोप उडाली. आठवड्यापूर्वी तर त्यांच्याच गाडीचं दार सकाळी उघडं सापडलं, सीट पार मागं सरकवलेली. गाडी मात्र जागची हलली नव्हती. काकांनी चौकीत अर्ज देऊन मार्गदर्शनाला माणूस मागितला. मग फाटकाजवळच्या फळ्यावर आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'जुन्या गाड्याच चोरीला का जातात? रविवारी सायंकाळी पाच. वक्ते, हवालदार अंगद शेळके.'

आणि वक्ता तरी काय मिळाला! उंचापुरा गडी, साध्या कपड्यांत, साडेचारलाच हजर. चहासुद्धा उभ्या उभ्याच घेतला.

"नव्या गाडीच्या चावीत चिप असती," शेळके सांगत होते. "ती जुळली नाय तर गाडी चालूच व्हत नाय. जुनीला कुठली आली चिप? कुलूप झिजलेलं, कोणची बी चावी फिरती. अन् सुटे भाग लई खपतात. आज गेलेली गाडी उद्याच्याला चार गावांत वाटलेली असती."

"मग माझी का नाही गेली?" काकांनी विचारलं.

शेळके काकांकडे वळले. "तेच तर मला बी कळंना, साहेब. दार उघडून आत बसला, तरी हात हलवत माघारी गेला. असं केलं तरी काय तुम्ही?"

काकांनी खिशात हात घालून वीतभर काळी वायर बाहेर काढली. "कॉइलची. हिच्याशिवाय इंजिनात ठिणगी पडत नाही. वीस वर्षं झाली, गाडी लावली की काढतो आणि खिशात टाकतो."

शेळक्यांनी वायर दोन्ही हातांत घेतली आणि चक्क कपाळाला लावली. "पाया पडू द्या, साहेब. एवढं डोकं आमच्या अख्ख्या चौकीत नाय!"

"काका, तुम्ही कधी बोलला नाहीत ते!" शेजारची चारुता म्हणाली. काका लाजले, पण छाती दोन बोटं फुगलीच.

"बसवून दाखवा की," शेळके म्हणाले. "सगळ्यांनाच शिकू द्या."

काकांनी बॉनेट उघडलं आणि वायरचं कुठलं टोक कुठं जातं ते सावकाश समजावून सांगितलं. शेळके अगदी वाकून बघत होते. इतका मन लावून ऐकणारा माणूस काकांना कित्येक वर्षांत भेटला नव्हता. वायर बसली.

शेळके गाडीत शिरले. त्या सीटची दांडी भारी खट्याळ, आधी वर उचलायची आणि मग डावीकडे ढकलायची. शंतनूला ते अजून जमत नाही. शेळक्यांनी खाली न बघता एका झटक्यात सीट मागं घेतली. याला म्हणतात सराईत हात, काकांनी मनोमन दाद दिली.

गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली.

"आता परीक्षा तुमची!" शेळक्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मी चोर हाय असं समजा. बघू कोण अडवतंय."

कोणीही अडवलं नाही. वॉचमन सांडूनं तर फाटक सताड उघडून वर सलाम ठोकला. लोक हसून हसून बेजार झाले. काकांचंही हसू आवरेना.

"अशी माणसं खात्यात आहेत, म्हणून आपल्याला झोप लागते," ते चारुताला म्हणाले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"पाठकसाहेब ना? नमस्कार, हवालदार अंगद शेळके बोलतोय. माफी असावी साहेब, बंदोबस्तात अडकलो व्हतो, आत्ता निघतोय. लोकं थांबलेत न्हवं?"