एकाच वर्गात दोघी

“सृष्टीला सहावीत बसवू नका,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “आपण तिला थेट आठवीत घेऊ. वरची परवानगी मी आणते.”

जीवन खुर्चीच्या काठावर बसला होता. शेतातले गुलाब बाजारात देऊन तो मखमलाबादला घरी गेला होता आणि बायको सिंधुबाईला, दोन्ही मुलींना घेऊन या हायस्कूलात आला होता. एवढी आनंदाची गोष्ट ऐकूनही त्याचा चेहरा उतरला. सिंधुबाईचाही.

कारण मोठी शुभांगी. सातवी पास होऊन तीही यंदा याच शाळेत आठवीला आली होती. पाहुणे आले की धाकटीला पाढे म्हणायला लावायचे, गणितं घालायचे. तेवढ्यात शुभांगी चहाचे कप उचलून आत निघून जायची. ते सिंधुबाईला फार लागायचं.

“बाई, दोघी एका वर्गात नको,” जीवन म्हणाला. “मोठीला पोरं हसतील. धाकटीपायी तिचं मन मोडायचं का? आमाला नाय जमायचं.”

“मी सहावीतच बसते,” सृष्टी खाली बघत म्हणाली. सहावीची पुस्तकं तिची कधीच वाचून झाली होती. सातवीचीही. पुढचं अख्खं वर्ष नुसतं बसून काढायचं, हे तिला कळत होतं. तरी ती तसं म्हणाली.

बाई जीवनकडे वळल्या. मग त्यांनी विचारलं, “शुभांगीला कुणी विचारलंय का?”

कुणीच विचारलं नव्हतं. ती दाराशी उभी होती. सगळे तिच्याकडे बघायला लागले.

“घ्या ना तिला, बाई,” ती म्हणाली.

“नीट विचार कर. वर्गात ती तुझ्या पुढे जाईल.”

“जाणारच.” आज ऊन आहे म्हणावं, तशा सुरात ती बोलली.

“वाईट नाही वाटणार तुला?”

शुभांगीने एकदा आईकडे पाहिलं. मग धीर करून म्हणाली, “बाई, मी शाळेतून आले की ही मला दारातच धरते. आज काय काय शिकवलं, पहिल्या तासापासून सांग म्हणते. एखादं गणित विसरले तर आठवेपर्यंत उठू देत नाही. दोन वर्षं झाली, माझी शाळा दिवसातून दोनदा भरते.”

सिंधुबाईने पदर तोंडाला लावला, तरी हसू फुटलंच. जीवन पहिल्यांदाच खुर्चीत मागे टेकून बसला.

सृष्टीने हळूच मान वर केली. “ताई, मग मी येऊ आठवीत?”

“ये,” शुभांगी म्हणाली. “उद्यापासून तुझं तूच ऐक. मी चालले खो-खो खेळायला.”