साठ चित्रं

"सगळं पुसून टाका," भिंगरीचे वडील म्हणाले. "सोमवारी दवाखान्यातल्या मुलांच्या वॉर्डात द्यायचाय हा कॉम्प्युटर. फक्त त्याआधी एकदा तिचा खेळ लावून दाखवा. मला तो सुरू करता येत नाही."

दुरुस्तीवाल्याने मान हलवली आणि खुर्ची पुढे ओढली. खोलीतला पलंग गेला होता. फरशीवर त्याच्या चार पायांचे डाग तेवढे उरले होते. दीड वर्षापूर्वी हा मॉनिटर त्यानेच इथे बसवला, तेव्हा त्या पलंगावर बारा वर्षांची मुलगी उशीला टेकून बसली होती. एका जागी दोन मिनिटं ठरत नाही म्हणून लहानपणी घरात तिचं नाव भिंगरी पडलं. पुढे आजारात पाय गेले, नाव राहिलं. पळायचं ते मग खेळात.

"तुम्ही सांगितलात तोच मॉनिटर घेतला." वडील स्टूल ओढून शेजारी बसले. "साधा सेकंदाला साठ चित्रं दाखवतो, हा एकशे चव्वेचाळीस. अजून पाठ आहे मला. तिच्यासाठी बाकी काही करता आलं नाही, हे एक मात्र धड जमलं. म्हणायची, बाबा, आता खरंच पळल्यासारखं वाटतं."

दुरुस्तीवाल्याने सवयीने आधी मॉनिटरची सेटिंग उघडली. तिथे साठ होतं.

नवा मॉनिटर जोडला की बरेचदा कॉम्प्युटर त्याला साठवरच धरून बसतो. आकडा हाताने वाढवावा लागतो. काम दोन क्लिकचं, पण त्या दिवशी पुढच्या गिऱ्हाइकाचे फोनवर फोन येत होते आणि तो ते साफ विसरला होता. दीड वर्ष कॉम्प्युटर जीव तोडून सेकंदाला एकशे चव्वेचाळीस चित्रं तयार करत राहिला. त्यातली निम्म्याहून जास्त पडद्यापर्यंत पोचलीच नाहीत. मुलीला जुन्या मॉनिटरवर दिसायचं तेच नव्यावरही दिसलं होतं.

आता सांगून काय होणार, असं त्याला वाटलं. त्याने गुपचूप आकडा एकशे चव्वेचाळीसवर नेला, खेळ लावला आणि बाणाचं बटण दाबलं. लाल टोपीवाली मुलगी छपरांवरून पळत सुटली. कुठे अडखळणं नाही, कुठे पुसट होणं नाही. त्याला जरा हायसं वाटलं.

वडील पुढे झुकले.

"हे असं पळत नव्हतं," ते म्हणाले.

"काका, ते..."

"रोज संध्याकाळी मी याच स्टुलावर बसायचो. वळताना टोपीच्या कडा फिसकटायच्या. मला वाटायचं, आपल्याच चष्म्याचा दोष. आत्ता काय केलंत तुम्ही?"

दुरुस्तीवाल्याने बटणावरचा हात काढला. मग त्याने खरं काय ते सांगून टाकलं, फोन येत होते हेसुद्धा. "चूक माझीच आहे," तो म्हणाला. "फरक पडला नाही असं तिने एकदा जरी म्हटलं असतं ना, काका, मी धावत आलो असतो."

वडिलांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला.

"ती कशी म्हणेल," ते म्हणाले. "मी हा खोक्यातून काढत होतो तेव्हा तिने माझं तोंड पाहिलं होतं."

पडद्यावरची मुलगी छपराच्या टोकाशी थांबून धापा टाकत होती. दुरुस्तीवाल्याला मान वर करवेना.

"वॉर्डातल्या पोरांसाठी हाच आकडा ठेवा," वडील म्हणाले. "पण आत्ता पाच मिनिटं साठ करा. तिला दिसायचं तसं बघू द्या."